लाळेची गाठ पुन्हा का येते?

खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, वरच्या सुळ्याचं टोक टेकतं त्या जागी, एक मऊ, निळसर फुगवटा येतो. दुखत नाही, पण जिभेला चैन पडत नाही, ती सारखी तिथंच जाते. एक दिवस जेवताना तो दाताखाली सापडून फुटतो, तोंडात जरासं चिकट, बुळबुळीत पाणी येतं आणि माणूस म्हणतो, गेली एकदाची ब्याद. दोन-तीन आठवड्यांत ती त्याच जागी पुन्हा हजर असते. कोणी तिला उष्णतेचा फोड म्हणतं, कोणी पाण्याची गाठ. दंतवैद्य म्हणतात म्युकोसील.

पुण्यातल्या कुठल्याही दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत हे दृश्य नवं नाही. आजार किरकोळ, जिवाला धोका नाही, तरी त्यावर इतके उपाय सुचवले गेलेत की रुग्ण गोंधळून जातो. सुई, चाकू, लेझर, बर्फासारखी गोठवणूक, स्टिरॉइडचं इंजेक्शन, नुसता एक टाका, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि ‘काही करू नका, जाईल आपोआप’. यातलं कधी काय बरोबर, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो असं माझं मत झालं आहे: या उपायाने लाळ गाळणाऱ्या ग्रंथीचं काय होतं?

लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या शाळेत शिकवतात. कानापुढची, जबड्याखालची आणि जिभेखालची. त्यांच्याशिवाय ओठ, गाल, टाळू आणि जीभ यांच्या अस्तराखाली सहाशे ते हजार छोट्या ग्रंथी विखुरलेल्या असतात, त्यांचा उल्लेख सहसा होत नाही. एकूण लाळेत त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली, पण लाळेचा बुळबुळीतपणा, ज्यामुळे घास सरकतो आणि ओठ दाताला चिकटत नाहीत, तो मुख्यतः त्यांच्यामुळे. प्रत्येकीला एक बारीक नळी असते. ओठ चावला गेला, पडून आपटला, तारेच्या क्लिपचं टोक घासलं की नळी तुटते. ग्रंथीला त्याचा पत्ता नसतो. ती लाळ बनवत राहते आणि ती लाळ तोंडात येण्याऐवजी आजूबाजूच्या मऊ भागात झिरपते. शरीर तिला परकं समजतं, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि साठलेल्या लाळेभोवती भरून येणाऱ्या जखमेसारखं कोवळं ऊतक तयार होतं. बाहेरून पिशवी वाटते, पण खऱ्या सिस्टला जे पेशींचं अस्तर असतं ते इथं नसतं. म्हणून फुटली, रिकामी झाली, तरी काही बिघडत नाही, आणि काही सुधारतही नाही. पुरवठा चालूच असतो.

हे आज सरळ वाटतं, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांची समजूत उलटी होती. नळी तुंबते, मागे लाळ साठते आणि ग्रंथी फुगते, असं मानलं जाई. १९५६ ते १९६० या चार-पाच वर्षांत अमेरिकेत प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांनी ही समजूत मोडली. या कामात भारतीय वंशाचे सुरिंदर भास्कर आणि त्यांचे सहकारी बोल्डेन व वाइनमन होते, इंडियाना विद्यापीठातले स्टँडिश आणि शेफर होते, आनंद चौधरी आणि त्यांचे सहकारीही होते. नळी नुसती बांधली तर ग्रंथी सुकते, गाठ येत नाही. नळी कापली, तर लाळ ऊतकात सांडते आणि माणसाच्या ओठात दिसते तशीच गाठ तयार होते. भास्कर पुढं अमेरिकी लष्कराच्या दंत विभागाचे प्रमुख झाले. शेफर यांचं मुखविकृतिशास्त्राचं पुस्तक आजही आपल्याकडच्या बीडीएसच्या मुलांच्या हातात असतं. नळी तुंबून होणारी खरी सिस्टही असते, पण ती कमी आढळते आणि सहसा वयस्कर माणसांत. ओठातली गाठ बहुतेक वेळा गळतीचीच.

ती कोणाला होते? मुलांना आणि तरुणांना. अमेरिकेतल्या १,८२४ रुग्णांच्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे ८२ टक्के गाठी खालच्या ओठात होत्या आणि सरासरी वय पंचविशीच्या आसपास होतं. वरच्या ओठातही अशा ग्रंथी भरपूर असतात, पण तो दाताखाली येत नाही. सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडून बसलेल्या मुलांकडे अर्धा तास पाहावं. कोणी पेन चावतं, कोणी नख, आणि बरेच जण खालचा ओठ. वरचे दात पुढं असलेल्या मुलांचा ओठ तर सतत दातांच्या मध्येच येतो. अशा वेळी गाठ कापून उपयोग अर्धाच. सवय तशीच राहिली, दात तसेच राहिले, तर शेजारची दुसरी नळी तुटायला वेळ लागत नाही. पालकांना मात्र गाठ दिसते, दात दिसत नाहीत.

आता उपाय. सर्वांत जुना आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे घरी सुईनं किंवा नखानं फोडणं. त्याचाच दवाखान्यातला भाऊ म्हणजे सिरिंजने पाणी ओढून घेणं.

‘डॉक्टर, मागच्या महिन्यात पाणी काढलं होतं एके ठिकाणी. पंधरा दिवसांत परत भरली.’

‘पाणी काढलं हो, पण लाळ करणारी ग्रंथी तिथंच आहे ना!’

हा संवाद थोड्याफार फरकाने रोजचा. सुईनं तात्पुरता आराम पडतो, क्वचित वरवरची गाठ त्यानंतर बसूनही जाते, पण वारंवार टोचल्याने तिथं कडक व्रण तयार होतो आणि पुढची शस्त्रक्रिया उगाच अवघड होते. काहीच न करता वाट पाहणं हा त्याहून शहाणपणाचा मार्ग. लहान, नवीन, वरवरच्या गाठी काही आठवड्यांत आपोआप जातात. ज्या गोळ्या किंवा काढे यांना ‘गुण आला’ म्हणतात, त्यातले बरेचसे गुण याच खात्यात जमा करायला हवेत. महिना-दोन महिने वाट पाहून गाठ येत-जात राहिली, तर मात्र ती काढलेली बरी.

ती काढण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. भूल ओठातच देतात, पण गाठीत नाही, बाजूला किंवा हनुवटीच्या मज्जातंतूपाशी, कारण गाठीत औषध भरलं तर तिच्या कडा ओळखू येत नाहीत. मदतनीस अंगठा आणि तर्जनीनं ओठ दोन्ही बाजूंनी दाबून धरतो, त्यामुळं गाठ वर येते आणि रक्तही कमी येतं. गाठीवर लांबट चीर देऊन ती बाजूच्या ऊतकापासून बोथट कात्रीनं हळूहळू सोडवतात. मध्येच ती फुटली, तर काम अवघड होतं, कारण जे शोधायचं त्याचा आकारच नाहीसा होतो. गाठ निघाली की काम संपलं असं पाहणाऱ्याला वाटतं, पण खरं काम तिथून पुढं. जखमेच्या तळाशी आणि कडेला फिकट पिवळसर, चकचकीत दाणे दिसतात, भिजलेल्या साबुदाण्यासारखे. त्या छोट्या लाळग्रंथी. गाठीला लागून असलेले आणि चिरेत आपणहून वर आलेले दाणे सगळे काढायचे, मग तीन-चार टाके. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत. गाठ परत येते ती बहुतेक इथल्या घाईमुळं: एखादा दाणा राहून जातो, किंवा टाका घालताना सुई शेजारच्या नळीतून जाते आणि तिथंच नव्या गळतीची सोय होते.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरी जाताना सांगायला हवी, आणि नेमकी तीच राहते. ओठ दोन-तीन तास बधिर असतो. मुलाला तो जाड, परका वाटतो आणि ते गंमत म्हणून चावत बसतं. भूल उतरेपर्यंत ओठाकडे लक्ष ठेवणं हे काम आईबाबांचं. आइस्क्रीम चालतं, पण चावायला लागेल असं काही द्यायचं नाही.

लेझरबद्दल पुण्यात जरा जास्तच कुतूहल आहे, आणि ‘विनाटाका, विनारक्त’ अशा पाट्याही दिसतात. डायोड किंवा कार्बन डायऑक्साइड लेझरने रक्त कमी येतं, टाके बहुधा लागत नाहीत, घाबरट मुलाला बरं पडतं, हे सगळं खरं. पण लेझर हे फक्त कापण्याचं साधन आहे. त्याने वरचा फुगवटा जाळून टाकला आणि ग्रंथी राहिली, तर महाग सुईपेक्षा फार वेगळं काही झालं नाही. उपचार निवडताना यंत्राचं नाव विचारण्यापेक्षा ‘ग्रंथी काढणार का?’ एवढं विचारावं. द्रव नायट्रोजनने गोठवणं आणि गाठीत स्टिरॉइड टोचणं हेही चालतं, विशेषतः जिथं मूल चाकू जवळ फिरकू देत नाही. दोन्हींत एका बैठकीत काम होईलच असं नाही.

या सगळ्या उपायांत मला एका टाक्याची युक्ती आवडते. गाठीच्या आरपार जाड रेशमी दोरा ओवून सैलसर गाठ मारायची आणि आठवडा-दहा दिवस तसाच ठेवायचा. दोऱ्याच्या वाटेने लाळ तोंडात येत राहते आणि त्या वाटेच्या कडेने अस्तर वाढून नवी नळी तयार होते, अशी त्यामागची कल्पना. ब्राझीलच्या बालदंततज्ज्ञांनी २००० मध्ये मुलांवरचे आपले अनुभव प्रसिद्ध केल्यावर ती जगभर पसरली. नंतर काहींनी टाके वाढवले आणि महिनाभर ठेवायला सुरुवात केली. इथं ग्रंथी काढत नाहीत, पण तिला वाट करून देतात, म्हणजे माझ्या प्रश्नाला हे वेगळं पण प्रामाणिक उत्तर आहे. मोठ्या, पातळ सालीच्या गाठींना ती लागू पडते. लहान, खोल, जुन्या गाठींना नाही.

ओठाचं प्रकरण इथं संपतं. जिभेखालच्या गाठीचं वजन वेगळं.

तोंडाच्या तळाशी, जिभेच्या एका बाजूला, निळसर फुगा येतो आणि वाढत वाढत जिभेला वर आणि पलीकडे ढकलतो. बोलणं बोबडं होतं, घास गिळताना अडचण येते. ही रॅन्युला. तिचा उगम बहुतेक वेळा जिभेखालच्या मोठ्या ग्रंथीत. ही ग्रंथी जेवणाची वाट पाहत नाही, सतत पाझरत असते. तिच्यातून गळती सुरू झाली की थांबण्याची शक्यता कमी.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी ही गाठ पाहिली असावी. सुश्रुताने तोंडाचे ६५ रोग मोजले आणि त्यातल्या जिभेच्या पाच रोगांत उपजिह्विका सांगितली: जीभ वर उचलणारी, जिभेच्या टोकासारखी दिसणारी सूज. ती खरवडून तिच्यावर जाळणारा क्षार चोळावा, असा उपाय दिला आहे. ही रॅन्युलाच, असं अनेक अभ्यासक मानतात. वर्णन जुळतं खरं, पण त्या नावाखाली इतर सुजाही आल्या असतील. रास्ता पेठेतल्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी शालाक्यतंत्राचे, म्हणजे मानेच्या वरच्या अवयवांच्या रोगांच्या शाखेचे, विद्यार्थी आजही हा भाग शिकतात. खरवडणं आणि जाळणं यामागे तोच अनुभव दिसतो: नुसतं फोडून भागत नाही.

आधुनिक शल्यचिकित्सेलाही हे पटायला वेळ लागला. बराच काळ रॅन्युलाचं छत कापून कडा तोंडाच्या अस्तराला शिवून टाकत, म्हणजे ती उघडीच राहील. सोपं, सुरक्षित आणि परत येणारं. २००४ मध्ये चीनमधल्या वुहानच्या शल्यचिकित्सकांनी ५८० रॅन्युलांचा हिशेब मांडला. छत उघडून शिवलेल्यांपैकी ६६.६७ टक्के परत आल्या. फक्त फुगा काढलेल्यांपैकी ५७.६९ टक्के. जिभेखालची ग्रंथीच काढलेल्यांपैकी १.२० टक्के. एखाद्या वादाचा निकाल आकड्यांनी इतक्या स्पष्टपणे लागणं वैद्यकात रोज घडत नाही. तरीही पहिला उपाय म्हणून छत उघडणं अजून चालू आहे, कारण ग्रंथी काढणं हे ओपीडीतल्या खुर्चीत उरकायचं काम नाही.

त्याला बहुधा पूर्ण भूल लागते. ग्रंथीच्या आतल्या बाजूने जबड्याखालच्या ग्रंथीची नळी जाते, आणि जिभेला संवेदना देणारा मज्जातंतू त्या नळीच्या खालून वळसा घेतो. दोन्ही वाचवून ग्रंथी बाहेर काढायची. नळी दुखावली तर जबड्याखाली सूज येते, मज्जातंतू ताणला तर अर्धी जीभ काही आठवडे, क्वचित कायमची बधिर राहते. म्हणून लहानशा, पहिल्यांदाच आलेल्या रॅन्युलाला आधी रेशमी दोरा किंवा छत उघडून आत कापसाची घट्ट पट्टी भरून ठेवण्याचा प्रयत्न करणारे डॉक्टर चुकीचे नाहीत. चूक होते ती तीच गोष्ट तिसऱ्यांदा करण्यात.

याच गाठीचं एक फसवं रूप मानेत दिसतं. तोंडाच्या तळाचा स्नायू सलग पडद्यासारखा दिसला, तरी अनेकांत त्याला फट असते. त्या फटीतून लाळ खाली उतरते आणि जबड्याखाली, मानेच्या बाजूला मऊ सूज येते. तोंडात कधी काहीच नसतं. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्याही मनात पहिला विचार टीबीचा येतो, आणि तो चूक म्हणता येत नाही. पण सुईनं तपासल्यावर मधासारखा चिकट द्रव आला आणि त्यात अमायलेज हे लाळेतलं विकर भरपूर निघालं, तर संशय लाळेकडे वळायला हवा. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये जिभेखालच्या ग्रंथीकडे जाणारं शेपूट दिसतं. न्यूझीलंडच्या माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत ही गाठ इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. स्नायूची फट आणि ग्रंथीची ठेवण जन्मजात वेगळी असावी, असा तर्क त्यावरून केला गेला. झिंबाब्वेतल्या डॉक्टरांना एचआयव्हीबाधितांत रॅन्युला जास्त दिसली. मानेतल्या गाठीसाठी मानेवर मोठी चीर घेऊन पूर्ण पिशवी सोडवून काढण्याची जुनी पद्धत आता मागे पडते आहे. तोंडातून ग्रंथी काढली, मानेतली लाळ ओढून घेतली की तिची भिंत आपोआप आक्रसते. भिंत म्हणजे अस्तर नव्हे, हे एकदा कळलं की त्यामागचं कारणही कळतं.

तान्ह्या बाळाच्या जिभेखाली फुगा दिसला, तर घरात घबराट उडते. जन्मतःच नळीचं तोंड उघडलेलं नसल्यामुळे असं होऊ शकतं, आणि काहींचं ते आपणच उघडतं. दूध पिताना किंवा श्वास घेताना त्रास नसेल, तर पाच-सहा महिने थांबायला हरकत नसते. त्रास असेल, तर अर्थात थांबायचं नाही.

राहिला कर्करोगाच्या संशयाचा प्रश्न. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि पानटपरीवर काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या जाहिराती पाहून वाढलेल्या पिढीला तोंडातली कुठलीही गाठ भिववते. खालच्या ओठातली, मऊ, येणारी-जाणारी, विशीतल्या मुलाची गाठ कर्करोग नसते, हे जवळजवळ ठामपणे सांगता येतं. उलट जिथं भीती वाटायला हवी तिथं ती वाटत नाही. टाळूवर, अक्कलदाढेच्या मागे किंवा वरच्या ओठात ‘लाळेची गाठ’ दिसली, तर तिथं म्युकोसील तुलनेने विरळा आणि लाळग्रंथीचे ट्यूमर नेहमीचे. त्यातला म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा हा कर्करोग सुरुवातीला अगदी निळसर, मऊ, म्युकोसीलसारखाच दिसतो आणि तोही कधी कधी फुटून लहान होतो. हाताला कडक लागणारी, न दुखता सावकाश वाढणारी, चाळिशीनंतर पहिल्यांदा आलेली गाठ ‘पाण्याची आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

पुण्यात यासाठी जायचं कुठं, हाही प्रश्न लोक विचारतात. ओठातली गाठ दंतवैद्याकडे, मुलाची असेल तर बालदंततज्ज्ञाकडे. जिभेखालची आणि मानेतली तोंड-जबड्याच्या शल्यचिकित्सकाकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. दोघेही ही शस्त्रक्रिया करतात आणि कोण श्रेष्ठ यावर त्यांच्यात गमतीदार वाद होतात. रुग्णाने त्यात न पडता, ज्याने जिभेखालच्या ग्रंथी पुष्कळ काढल्या आहेत तो निवडावा. धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, वडगावचं सिंहगड, पिंपरीचं डी. वाय. पाटील, इथं तोंडाच्या शल्यचिकित्सेचे विभाग आहेत, आणि खर्च खासगी क्लिनिकपेक्षा पुष्कळ कमी. ससूनमध्ये दंत आणि कान-नाक-घसा असे दोन्ही विभाग आहेत. भोर-वेल्ह्याकडून एसटीने येणाऱ्या माणसाला दोन-तीन खेपा पडतात, पण महाविद्यालयात एक फायदा असतो: तिथं मुखविकृतिशास्त्राचा विभाग त्याच इमारतीत असतो, आणि काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून थेट वरच्या मजल्यावर जातो.

खासगी ठिकाणी बऱ्याचदा हाच तुकडा कचऱ्यात जातो. ‘साधी गाठ आहे, बायोप्सी कशाला, उगाच खर्च,’ असं डॉक्टर म्हणतात आणि रुग्णालाही बायोप्सी या शब्दाचीच धास्ती असते. तुकडा छोटा असला तरी तो पाठवायला हवा, आणि पाठवला की त्याचा कागद आणायला हवा. टाके आठवड्यात निघतात, ओठ बरा झालेला असतो, आणि रिपोर्ट काउंटरवर फाइलमध्ये पडून राहतो. त्यावर बहुधा लिहिलेलं असतं ‘एक्स्ट्रॅव्हसेशन टाइप’, म्हणजे गळतीची गाठ, अस्तर नाही. आणि खाली एक ओळ असते, ती मी आधी वाचतो: सोबत लाळग्रंथीचे लोब्युल आढळले. लोब्युल म्हणजे तेच साबुदाण्यासारखे दाणे. ती ओळ असेल, तर गाठ परत यायची शक्यता कमी.